सांगणारा इंद्रभान होता

१

भगवानरावाचं डोकं फुटलं होतं असं म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला. उजवी बाजू उरलीच नव्हती. शेडनेटच्या दाराच्या अगदी आत तो उताणा पडला होता, तोंड उघडं, दातांत माती. शेजारी जाळीच्या सांगाड्याचा हातभर लोखंडी पाइप पडलेला, आणि पाइपाला केस चिकटलेले. मला उलटी येत होती, पण अर्धं गाव मागं उभं असताना पोलीस पाटलानं ओकून चालत नाही, म्हणून गिळलं.

मी सत्यभामाबाई, या गावची पोलीस पाटील. नवरा गेल्यावर परीक्षा देऊन झाले, कुणाच्या मेहरबानीनं नाही. आधीच सांगून ठेवते, कारण गावात अजून काहीजण वेगळं सांगतात.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडं. इथं मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं. हिरव्या जाळीचं भलंमोठं शेडनेट, आत मिरचीच्या ओळी. उद्या उमलणाऱ्या कळ्या बायका आज संध्याकाळी चिमट्यानं उघडतात, आतला नर काढून टाकतात, याला आम्ही कळ्या खुडणं म्हणतो, आणि खूण म्हणून कळीला लोकरीचा धागा अडकवतात. सकाळी त्या कळीवर दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. संध्याकाळी जी कळी राहिली ती सकाळी आपली आपण फळते, आणि तसल्या एका ओळीपायी कंपनी सगळं बियाणं नापास करते. म्हणून या धंद्यात मयत असो की लग्न, संध्याकाळची कळी कुणी सोडत नाही.

त्या सकाळी गोजरबाई बायकांची टोळी घेऊन पराग लावायला आली आणि दाराचा पडदा सारताच किंचाळली. बायका तशाच मागं पळाल्या. मी पोचले, दारावर कोतवालाला उभं केलं, कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही.

फौजदार योगिनी मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या, वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. प्रेताजवळ बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, डोकं सोडा काकू, हात बघा.

उजवं मनगट ठेचलेलं होतं. झटापटीत लागतं तसं नाही. हात जमिनीवर सरळ ठेवून, वरून घाव घालून घालून त्याचा चेंदा केला होता. माणूस मेल्यावरही कुणीतरी मारत राहिलं होतं.

त्या मनगटाचा अर्थ मला कळला होता. मॅडमला सांगणार तेवढ्यात जीपथांब्याकडून आरडाओरडा ऐकू आला. एक पोरगा धापा टाकत आला. रव्या जीपमधून उतरला होता आणि लोक त्याला मारून टाकत होते.

२

पंचनामा राहिला दाराशीच. आम्ही पळालो.

रवी म्हणजे भगवानरावाच्या बांधाशेजारचा पोरगा. त्याची बायको छकुली भगवानरावाच्या शेडनेटमध्ये कामाला. खुनाच्या आदल्या दिवशी छकुलीच्या हातून काही कळ्या राहिल्या, तर त्या राक्षसानं सगळ्या बायकांसमोर ठिबकच्या जाड नळीनं तिला झोडपलं. तिनं तोंडावर हात घेतला, आणि उजवं मनगट मोडलं. मयताबद्दल बोलते आहे हे मला माहीत आहे, पण राक्षसच म्हणेन. पोरीला चिखलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. रवीनं गावात उभं राहून शपथ घेतली होती, त्याचं डोकं नाही फोडलं तर नाव लावणार नाही. सगळ्या गावानं ऐकलं होतं. तक्रार कर म्हणून मी त्याला समजावलं, तर माझ्या अंगावर धावून आला.

आता तो थांब्यावर मातीत पडलेला होता आणि वर माणसं होती. काठ्या, चपला, एकाच्या हातात बैलाचं जू. भगवानरावाचा मुलगा सागर त्याच्या छातीवर उड्या मारत होता, अक्षरशः उड्या. बरगडी मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. मी शिव्या देत आत घुसले आणि पोरावर आडवी पडले. एक काठी माझ्या खांद्यावर बसली. अजून हात वर जात नाही. मारणारा कोण ते मी पाहिलं आहे, आणि मी विसरणारी बाई नाही.

मॅडमनी हवेत गोळी झाडली तेव्हा लोक हटले. गावाबाहेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावून ठेवलेले, म्हणजे गाडी निघायची सोय नाही. शेवटी आम्ही रवीला ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बुलढाण्याहून जादा कुमक निघाली होती. ती येईपर्यंत आत आम्ही तिघं आणि दोन शिपाई, बाहेर सगळं गाव.

रवीच्या अंगात कालचाच शर्ट होता, आणि त्या शर्टावर वाळलेलं रक्त होतं. ते आजच्या माराचं नव्हतं.

३

मॅडमनी खिडकीतून बोलणी सुरू केली. गावाच्या वतीनं हरिओमभाऊ पुढं आला.

हरिओमभाऊ देवळाचा विश्वस्त. गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं तर हरिओमभाऊ सांगेल तिथं दगड रोवला जातो. आयुष्यात खोटं बोललेला नाही, आणि हे मी चिडून नाही, खरंच म्हणते. त्याचं शेत भगवानरावाच्या शेडनेटसमोर, रस्त्यापलीकडं.

त्यानं सरळ सांगितलं. काल दिवस मावळायच्या बेताला बायका कामावरून निघाल्या, रवी आत गेला. चहा पिऊन होईल एवढ्या वेळात बाहेर आला, शर्टावर रक्त होतं. रस्त्यावर साखरखेर्ड्याची जीप मिळाली, तिच्यात बसून गेला. मग हरिओमभाऊही घरी गेला.

"आता तुमीच जोडा मॅडम," तो म्हणाला. "शपथ त्यानं घेतली. आत तो गेला. रगत त्याच्या आंगावर. बायकोचं मनगट मोडलं तं यानं त्याचं मनगट मोडलं. अजून काय पाह्यजे?"

मागून लोकांनी कल्ला केला. हरिओमभाऊ म्हणतो म्हणजे झालंच. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

गोजरबाईला मॅडमनी आत घेतलं. टोळीची मुकादम ती, घाबरून पदराशी चाळा करत होती. तिनं हरिओमभाऊचंच सांगितलं, फक्त दुसऱ्या बाजूनं. बायका निघताना रवी दारात भेटला. तोंडात शिवी होती, हातात काही नव्हतं. भगवानराव तेव्हा आत एकटा होता, रागावलेला, कारण छकुली नसल्यानं एक माणूस कमी पडला होता.

रवीला बोलता येत होतं, पण बोलताना तोंडातून लाल फेस येत होता. म्या मारलं, तो म्हणाला, एक ठोसा. नाकावर. त्याचं नाक फुटलं, तो खाली बसला, आणि समोर एवढा म्हातारा बसलेला पाहून माझा हातच चालेना. निघून आलो. जीपनं साखरखेर्डा, तिथून दवाखाना, रात्रभर छकुलीपाशी. नर्सला विचारा, डॉक्टरला विचारा.

मॅडमनी फोनवर विचारलं. खरं होतं. पण त्यानं काय होतं? जीपमध्ये बसायच्या आधी त्यानं भगवानरावाला जिवंत सोडला, याला साक्षीदार फक्त रवी. आणि रवी काय सांगणार, हे कुणीही सांगितलं असतं.

खिडकीशी उभा असलेला शिपाई मागं सरकला. बाहेर सागर डिझेलचा कॅन घेऊन आला होता.

४

डिझेल दारावर ओतलं जात होतं आणि उंबऱ्याखालून आत येत होतं. मॅडमनी पिस्तूल काढून हातात धरलं. मी रवीला भिंतीशी ओढलं, त्याचा श्वास खरखरत होता. आणि तेवढ्यात बाहेरचा गोंगाट बदलला. लोक हसायला लागले. माणसं जाळायला आलेले लोक का हसतात, म्हणून मी खिडकीतून पाहिलं.

इंद्रभान आला होता. छकुलीचा बाप, रवीचा सासरा.

इंद्रभानला सगळा जिल्हा ओळखतो, चांगल्यासाठी नाही. हा माणूस बुलढाण्याला कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. ज्याला साक्षीदार कमी पडेल त्यानं इंद्रभानला गाठायचं. न पाहिलेला अपघात त्यानं पाहिला आहे, न झालेली मारामारी ऐकली आहे. पोथीवर हात ठेवून इतक्या वेळा खोटं बोलला की शेवटी न्यायाधीशानंच त्याला आत टाकलं. माझ्या दिराची जमीन याच्याच साक्षीनं गेली. मला तो दिसला तरी अंगाची लाही होते.

लोकांनी त्याला मारत मारतच पुढं येऊ दिलं. टपल्या, थपडा, एकानं टोपी उडवली. तो खिडकीशी आला तेव्हा ओठ फाटला होता.

"मॅडम, माह्यावर इस्वास ठेवू नोका," तो म्हणाला. "ठेवाच नोका. फक्त जाऊन पाहा. नेटमधली पार शेवटची ओळ. काल छकुली नव्हती, बायकाईनं ती ओळ सोडली. बायकाईचा धागा पिवळा, लोकरीचा. आता त्या ओळीत जा, कळ्या खुडेल हायेत, आन् त्याईले सुतळीचे तुकडे बांधेल हायेत. सुतळीले रगत हाय."

मॅडम खिडकीच्या आणखी जवळ सरकल्या.

"मेलेला माणूस कळ्या खुडत नाही," इंद्रभान म्हणाला. "नाक फुटल्यावर भगवानराव उठला, आन् त्यानं ती ओळ केली. एका माणसाले ती ओळ कराले तास लागते. रव्या तवा जीपमधी होता."

बाहेर पुन्हा हशा पिकला. सागर ओरडला, जावयासाठी साक्ष द्यायला आला रे, ठरवून आला. हरिओमभाऊनं शांतपणे मान हलवली आणि मॅडमला म्हणाला, याच्या बोलण्यावर तुम्ही वेळ घालवू नका. हा कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही.

मीसुद्धा तेच म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काकू, तो सांगतोय म्हणून मानायचं नाही, हे बरोबर. पण तो सांगतोय म्हणून सोडायचं, हे कशावरून? त्यानं आपल्याला काही पाहिलं म्हणून सांगितलं का? जाऊन बघा म्हणाला. ओळ तिथं आहे, पाय आपल्याला आहेत."

मग त्यांनी पिस्तूल शिपायाच्या हातात दिलं, डिझेलवरून पाऊल टाकलं आणि दार उघडून सरळ गर्दीत बाहेर पडल्या.

५

हरिओमभाऊ, तुम्ही चला माझ्याबरोबर, म्हणाल्या. तुम्ही खोटं बोलत नाही ना? मग तुमच्या डोळ्यांनी बघा आणि तुमच्या तोंडानं सांगा. तोवर कुणी काडी ओढली तर त्याला रवीच्या आधी माझा हिशेब द्यावा लागेल.

हरिओमभाऊला नाही म्हणता येईना. त्याच्या खरेपणावरच बोट ठेवलं होतं. सागरनं कॅन खाली ठेवला नाही, पण जागेवर थांबला. इंद्रभानला मॅडमनी रवीबरोबर खोलीत बसवलं. आम्ही तिघं आणि गोजरबाई शेडनेटकडं गेलो.

कोतवाल दारावरच होता, आणि शेडनेटला दार तेवढं एकच. सकाळपासून कुणी आत गेलेलं नव्हतं. प्रेत अजून दाराशीच होतं, कोतवालानं वर चादर टाकलेली. मातीवर काळा डाग आणि माश्या. हरिओमभाऊनं तोंड फिरवलं. डागाला वळसा घालून आम्ही मिरचीतून आत गेलो. आत गरम होतं आणि हवा हलत नव्हती. गोजरबाई प्रत्येक ओळीत बोट दाखवत होती. ही आमची, ही आमची, इथं पिवळा धागा, इथं पिवळा.

शेवटची ओळ पार पलीकडच्या जाळीला लागून आहे. दारातून ती दिसतही नाही.

मॅडम खाली बसल्या. गोजरबाई बसली, आणि लगेच तिनं पदर तोंडावर घेतला.

कळ्या खुडलेल्या होत्या. प्रत्येक कळीला सुतळीची उलगडलेली बारीक दशी बांधलेली, घाईनं, जाड बोटांनी मारलेली गाठ. आणि दशीवर तपकिरी डाग. पुढच्या झाडावर तसेच, त्याच्या पुढच्यावर तसेच. खाली पानांवर थेंब पडून वाळले होते. वाकून काम करताना नाकातून गळलं होतं, तसं.

मॅडमनी गोजरबाईला विचारलं, पिवळी लोकर कुठं आहे. ती म्हणाली, रोजच्यासारखी आम्ही पिशवीतून घरी नेली. भगवानरावापाशी ती नसणारच. ही ओळ आम्ही सोडली तेव्हा कळीला हात लावलेला नव्हता. तुम्ही सोडता का मी करू, म्हणून तो आमच्यावर खेकसलाही होता.

हरिओमभाऊ ओळीच्या तोंडाशी आला. चांगला माणूस चुकतो तेव्हा त्याच्याकडं बघवत नाही. तो खाली वाकला, एका दशीला बोट लावलं, आणि बोट धोतराला पुसलं.

"बायका गेल्यावर रव्या आत आला," तो सावकाश म्हणाला, "आन् मी त्याले लगेच जातानी पाह्यलं. हे त्याच्या मांगून झालं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पाहिलेलं सगळं खरं होतं, हरिओमभाऊ. तुम्ही त्यातून काढलं ते चुकलं."

मला सुटल्यासारखं वाटलं. रवी वाचला होता. मी जवळजवळ पळतच दाराकडं निघाले, तर मॅडम मागं तशाच बसलेल्या. हातात सुतळीची दशी नव्हती, काही नव्हतं, नुसत्या दाराच्या दिशेनं बघत होत्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "इंद्रभान गावात आज कधी आला?"

६

दुपारच्या एसटीनं, मी सांगितलं. कालपासून बुलढाण्याला होता म्हणे. आणि मग माझे मलाच शब्द ऐकू आले आणि मी थांबले.

मॅडम चालता चालता बोलल्या, हरिओमभाऊ पुढं गेल्यावर. ओळ राहिली असेल, हे कुणीही ताडलं असतं. छकुली कामावर नाही हे त्याला माहीत होतं, भगवानराव कळी सोडणारा नाही हे गावाला माहीत होतं. इथपर्यंत नुसत्या डोक्यानं पोचता येतं. पण सुतळी? लोकर नव्हती म्हणून रुमाल फाडता आला असता, दोरा आणता आला असता. सुतळी होती, आणि सुतळीवर रक्त होतं, हे बघितल्याशिवाय कळत नाही. बायका दारातूनच पळाल्या. मी फौजदार असून पार आत गेले नाही, ती माझी चूक. सकाळपासून कोतवाल दारात आहे.

"मुद्दा खरा की खोटा, ते बघायला माणूस लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला ते कळलं कुठून, हे विचारायला मात्र माणूसच लागतो."

मला मनगट आठवलं. चेंदा केलेलं उजवं मनगट. छकुलीसाठी असला हिशेब चुकता करणारी माणसं जगात दोनच. एक नवरा, दुसरा बाप. आणि बापानं स्वतःच्या तोंडानं नवऱ्याला त्यातून बाहेर काढलं होतं. मग उरलं कोण?

ग्रामपंचायतीसमोर हरिओमभाऊ पायरीवर चढला आणि म्हणाला, माझं चुकलं. रवी गेला तेव्हा भगवानराव जिवंत होता. मी डोळ्यांनी पाहून आलो.

बस, एवढंच. सुतळीचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण कुणी ऐकलं नाही. ऐकायची गरजच वाटली नाही कुणाला. हरिओमभाऊ म्हणतो ना, मग झालं. काठ्या खाली गेल्या. एकजण ट्रॅक्टर काढायला निघाला. तेच शब्द इंद्रभाननं सांगितले तेव्हा हसत होते हे लोक, आणि आता माना डोलावत होते. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पहिली मलाच द्यायला हवी होती, तो भाग वेगळा.

सागर तेवढा राहिला. त्यानं कॅन पायरीवर आपटला, डिझेल त्याच्याच पायांवर उडालं, आणि तो खाली बसून गुरासारखा ओरडून रडायला लागला. बाप कसाही असो, त्याचा बाप होता.

मॅडमनी आत जाऊन दार लावलं. इंद्रभान रवीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मॅडमनी फक्त एक प्रश्न विचारला.

"सुतळी तुम्ही कधी पाहिली?"

७

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. तुम्ही विचाराल हे मला माहीतच होतं, म्हणाला. सुतळीचं सांगितलं नसतं तर तुम्ही म्हणाला असता, ती ओळ बायकांनीच केली. रव्या सुटला नसता.

मग त्यानं सांगितलं. अंधार पडल्यावर तो मागच्या पायवाटेनं येऊन दारातून आत शिरला होता. भगवानराव वाकून कळ्या खुडत होता, नाकातून रक्त गळतंय, पुसतही नव्हता. डोक्याला टॉर्च बांधलेला. पोत्याची सुतळी उलगडून उलगडून बांधत होता. इंद्रभान ओळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या पोरीची माफी माग, बायकांसमोर मारलंस तर बायकांसमोर माग. दुसरं काही नको.

"मले म्हने, तू कोन सांगनारा? तुह्या शब्दाची किंमत कोर्टाबाहेर इचार." इंद्रभान रवीच्या कपाळावरचं रक्त पुसत होता. "मी म्हटलं, मी कसाही असन, पोरगी तं बरोबर हाय. तं म्हने, खोटारड्याची पोरगी. आन् कॉलर धरून मले दारापर्यंत वढत नेलं. दारात पाइप होता."

पुढचं त्यानं थांबत थांबत सांगितलं. पहिल्या घावाला भगवानराव खाली पडला, तेव्हाच मेला असेल. मग तो मारतच राहिला. किती वेळ, त्याला माहीत नाही. मनगटाचं मात्र आठवून केलं. हात सरळ करून ठेवला आणि केलं. सांगताना त्याचा आवाज जराही कापला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी न राहवून विचारलं, मग सकाळीच पोलिसांत का गेला नाहीस? या पोराच्या बरगड्या तरी वाचल्या असत्या.

"कोन मानलं असतं पाटीलबाई? तुमी?" तो म्हणाला. "तुमच्या दिराची जमीन माह्या जबानीनं गेली. मी म्हटलं असतं मी मारलं, तं सारे म्हनले असते, सासरा जावयासाठी अंगावर घेऊन राह्यला. वकिलानं कोर्टात माह्या जुन्या साक्षी काढल्या असत्या, आन् रव्या फासावर गेला असता. माह्यं खरं कोनाच्या कामाचं नाही. म्हून असं सांगावं लागलं, का ज्याले माह्या तोंडाची गरजच नाही."

मी मानलं नसतं, हे खरंच होतं.

मॅडम म्हणाल्या, पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. माहीत आहे, तो म्हणाला, तुमच्यापेक्षा जास्त कोर्ट मी पाहिलं आहे. पण मी काढून दिलेली वस्तू टिकते. रक्ताचे कपडे पुलाखाली पुरले आहेत, चला, दाखवतो.

कुमक आली. आधी रवीला झोळीत घालून गाडीत चढवलं. मग इंद्रभानला बाहेर काढलं. पायरीवर तो थांबला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, भगवानरावाले म्या मारलं.

कुणी काठी उचलली नाही. एकजण हसला, मग बाकीचे. चल बे, किती बोली लागली, असं कुणीतरी म्हणालं. सागरनं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं आणि थुंकून पुन्हा खाली घातली. ज्या गर्दीनं निरपराध पोराच्या छातीवर उड्या मारल्या, तिच्यातून खरा खुनी अंगाला बोट न लागता चालत गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रवीबरोबर मी दवाखान्यात गेले. त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाला लागलंय, पण वाचेल. छकुली बाकावर बसली होती. तिला फोनवरून सगळं कळलं होतं, गावातल्या फोनवर कळतं तसं, अर्धं आणि उलटं. मी शेजारी बसले. ती रडली नव्हती. माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"काकू, आबा रव्यासाठी खोटं बोलून राह्यले ना? ते बोलतात तसं. लहानपनापासून पाह्यते मी."

तिला तेच हवं होतं. बाप खोटारडा आहे, एवढा एकच आधार तिला उरला होता, आणि तो मी हो म्हणून सहज देऊ शकले असते. कपडे पुलाखाली सापडल्याचा मॅडमचा फोन मला वाटेतच आला होता.

"नाही बाई," मी म्हणाले. "या वेळी खरं बोलले."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी कोण, माझं का ऐकायचं, असं. मग तिनं माझा हात झिडकारला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.